तंगड्यांचा प्रवास

कातडी सोललेल्या, कमरेपाशी एकमेकींना जोडलेल्या बेडकाच्या दोन तंगड्या. तंगड्या ताज्या असतील, तर वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं की त्या थरथरतात. जीव केव्हाच गेलेला असतो. पण स्नायूंच्या पेशींत थोडी शक्ती उरलेली असते, आणि मिठातलं सोडियम तिला जागं करतं.

या तंगड्या कोणत्या बेडकाच्या? ताटात आल्यावर ते ओळखणं जवळजवळ अशक्य.

युरोपातल्या एका हिरव्या बेडकाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘खाण्याजोगा’. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये त्याला ‘राना एस्क्युलेंटा’ म्हटलं. दोनशे वर्षं तो स्वतंत्र जात समजला जात होता. 1960 च्या दशकात पोलंडचे जीवशास्त्रज्ञ लेशेक बेर्गर यांनी दाखवून दिलं, की हा दोन जातींचा संकर आहे. आणि संकर तरी कसा! अंडी किंवा शुक्रपेशी तयार करताना हा बेडूक एका पालकाकडून आलेली सगळी गुणसूत्रं टाकून देतो. मग पिढी पुढं चालवायला त्याला बहुतेक ठिकाणी त्याच टाकलेल्या जातीचा जोडीदार लागतो. तो जोडीदार तळ्यातून नाहीसा झाला, की याचाही वंश खुंटतो.

फ्रान्समध्ये दलदली आटत गेल्या, बेडूक कमी झाले. 1980 च्या सुमारास तिथं विक्रीसाठी बेडूक पकडण्यावर बंदी आली. खाण्यावर मात्र नाही. मग तंगड्या बाहेरून येऊ लागल्या.

त्या आल्या भारतातून. पावसाळ्यात नर पिवळाधमक होतो, गळ्याशी निळे फुगे फुगवून ओरडतो, तोच आपला मोठा बेडूक. रात्री शेतात दिव्याच्या उजेडात तो दिपून जागीच बसतो, आणि हातात सापडतो. तंगड्या कापायच्या, उरलेलं धड फेकून द्यायचं. हे फेकलेलं धड मला विसरता येत नाही. याच प्राण्यानं शेतातले किडे, खेकडे खाऊन पीक राखलेलं असतं. 1985 मध्ये या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, 1987 मध्ये भारतानं निर्यातच थांबवली.

मागणी थांबली नाही. व्यापार इंडोनेशियाकडे सरकला. तिथला खेकडेखाऊ बेडूक खाऱ्या पाण्यातही तग धरतो. खारफुटीत राहणारा बेडूक ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. पाकिटावर एका जातीचं नाव आणि आत या बेडकाच्या तंगड्या, असं तपासण्यांमध्ये आढळलं आहे. कोणती जात किती संपतेय, याचा हिशेब मग ठेवायचा कसा?

“पाळा की बेडूक,” असं सहज सुचतं. पण बेडकाला हलणारंच भक्ष्य दिसतं. समोर पडलेलं निपचित खाद्य त्याला अन्न वाटतच नाही. अमेरिकी बुलफ्रॉगला खटपट करून याची सवय लावता येते, म्हणून तो बऱ्याच देशांत पाळला जातो. मात्र तो कायट्रिड नावाची बुरशी अंगावर बाळगतो आणि स्वतः सहसा मरत नाही. इतर अनेक बेडकांची कातडी या बुरशीनं निकामी होते, रक्तातले क्षार बिघडतात, हृदय बंद पडतं.

कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर ‘माउंटन चिकन’ नावाचा भला मोठा बेडूक राहतो. एके काळी तो तिथलं राष्ट्रीय पक्वान्न होता. 2002 मध्ये ही बुरशी बेटावर पोचली आणि काही वर्षांतच हा बेडूक जवळजवळ नाहीसा झाला. आता त्याची शिकार बंद आहे. उरलेल्यांना संशोधक रात्री टॉर्च घेऊन शोधतात.

दिवा तोच, रात्रही तशीच. भातशेतात मात्र आजही पकडणारा अंधारात आधी कान देतो. मादीला बोलावण्यासाठी नर जितका जोरात ओरडेल, तितका तो लवकर सापडतो.