गोचीड चावली, मटण सुटलं

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा. आग्नेयेकडची काही राज्यं हळूहळू उजळतात.]

कर्करोगाच्या औषधाला रुग्णाचा पत्ता माहीत नसतो. बोस्टनच्या रुग्णालयात जी बाटली टांगतात, तीच टेनेसीतही टांगतात. तरीही सेटुक्सिमॅब नावाचं औषध २००४ साली अमेरिकेत बाजारात आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानं जणू पत्ता विचारून त्रास द्यायला सुरुवात केली.

आतड्याच्या आणि डोक्या-मानेच्या कर्करोगावरचं हे औषध शिरेतून देतात. बहुतेक ठिकाणी शंभरातल्या तिघांपेक्षाही कमी जणांना त्याची जोराची रिअ‍ॅक्शन यायची. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत मात्र हा आकडा २२ टक्के निघाला. तोही पहिल्याच डोसला. औषध सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच अंगावर पित्त उठायचं, श्वास कोंडायचा, रक्तदाब कोसळायचा.

इथं अ‍ॅलर्जीचा साधा नियम आडवा येतो. पहिल्या भेटीत अ‍ॅलर्जी होत नाही. शरीरानं तो पदार्थ आधी कधीतरी पाहिलेला असावा लागतो आणि त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून पकडणारी रक्तातली प्रथिनं, बनवून ठेवलेली असावी लागतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला की मग भडका उडतो. या रुग्णांनी तर हे औषध जन्मात घेतलेलं नव्हतं. मग ओळख झाली कुठं?

[दृश्य: शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया विद्यापीठाचा परिसर.]

हा प्रश्न आला थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्याकडं. मूळचे ब्रिटिश. घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांच्या अ‍ॅलर्जीवर त्यांनी अनेक वर्षं काम केलेलं. कर्करोग हा त्यांचा प्रांत नव्हे, आणि कदाचित म्हणूनच ते उपयोगी पडले. त्यांनी रुग्णांचं औषध देण्याआधी घेऊन ठेवलेलं रक्त मागवलं.

२००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेले आकडे असे: सेटुक्सिमॅब दिलेले ७६ रुग्ण, त्यातल्या २५ जणांना रिअ‍ॅक्शन आली. या २५ पैकी १७ जणांच्या रक्तात औषधाविरुद्धची आयजीई आधीपासूनच हजर होती. ज्यांना काही झालं नाही अशा ५१ जणांत ती फक्त एकाकडं सापडली. मग ज्यांचा या औषधाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांचं रक्त तपासलं. टेनेसीत ७२ पैकी १५ जणांत ती प्रतिपिंडं. बोस्टनमध्ये ३४१ पैकी दोघांत.

म्हणजे दक्षिणेकडच्या धडधाकट, हिंडत्याफिरत्या माणसांच्या रक्तातही हा दारूगोळा भरलेला होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

प्रतिपिंडं औषधातल्या नेमक्या कशाला पकडत होती, तेही सापडलं. सेटुक्सिमॅब उंदराच्या पेशींत तयार करतात. या पेशी औषधाच्या रेणूला जाता जाता स्वतःची एक साखर चिकटवून देतात. तिचं नाव गॅलॅक्टोज-अल्फा-१,३-गॅलॅक्टोज. बोलताना सगळे म्हणतात अल्फा-गाल.

ही साखर गाई-म्हशींत आहे, शेळ्या-मेंढ्यांत आहे, डुकरात आहे, कुत्र्या-मांजरातही आहे. सस्तन प्राण्यांत ती जवळपास सगळीकडं सापडते. आपल्यात नाही. माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतली माकडं यांच्या पूर्वजांनी ती बनवणारा जनुक दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी गमावला. तेव्हापासून ही साखर आपल्या शरीराला परकी. तिच्याविरुद्धची साधी, आयजीजी जातीची प्रतिपिंडं तुमच्या-माझ्या रक्तात आत्ताही भरपूर आहेत. त्यांनी जेवणाच्या ताटावर काही बिघडत नाही. आयजीई तयार झाली की मात्र गोष्ट वेगळी.

[दृश्य: रात्र. घरातला एक दिवा लागतो.]

आता दुसरी बाजू. त्याच व्हर्जिनियात काही रुग्ण वर्षानुवर्षं एक विचित्र तक्रार सांगत फिरत होते. रात्री बीफ किंवा पोर्क खाल्लं, छान झोपलो, आणि मध्यरात्री अंगभर गांधी उठून जाग आली. ओठ सुजलेले, पोटात कळा. डॉक्टर म्हणायचे, अन्नाची अ‍ॅलर्जी असती तर अर्ध्या तासात दिसली असती. शिवाय मांस तर तुम्ही लहानपणापासून खाताय. त्वचेवर टोचून करायची नेहमीची चाचणी केली, तर तीही धड उमटायची नाही. सगळं खापर टेन्शनवर फुटायचं.

या संशोधनात मला सर्वांत बोचतं ते हे. निरीक्षण रुग्णांचं होतं आणि ते अचूक होतं. पुस्तकातला अर्धा तास चुकीचा होता, निदान या अ‍ॅलर्जीपुरता. २००९ साली स्कॉट कॉमिन्स, प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांनी अशा २४ रुग्णांची नोंद छापली. सगळ्यांच्या रक्तात अल्फा-गालविरुद्धची आयजीई, आणि मांस खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत काही तासांचं अंतर. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी आज हे अंतर साधारण दोन ते सहा तास सांगते.

एवढा उशीर का? शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असते ती त्यातल्या प्रथिनांची, आणि प्रथिनं झटपट कामाला लागतात. अल्फा-गाल मांसातल्या चरबीलाही चिकटलेली असते. चरबी पचायला वेळ घेते, मग सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात रक्तात उतरते, त्या गोळ्या आणखी बारीक होतात, आणि तेव्हा कुठं साखर प्रतिपिंडांच्या हाती लागते. संशोधकांचा सध्याचा भर या उलगड्यावर आहे. चरबीदार तुकड्यानं जास्त त्रास होतो हा रुग्णांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. सेटुक्सिमॅबला मात्र पचनाची वाट पाहावी लागत नाही, ते थेट शिरेत जातं. म्हणून तिथं सगळं मिनिटांत.

तरी मूळ प्रश्न राहिलाच. दक्षिणेतच का?

[दृश्य: दोन नकाशे एकमेकांवर सरकतात.]

रिअ‍ॅक्शनांचा नकाशा आणि ‘रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर’ या तापाचा नकाशा एकमेकांवर ठेवले, तर ते जवळपास तंतोतंत बसत होते. हा ताप गोचिडीमुळं होतो. गंमत अशी, की त्या तापाची मुख्य वाहक गोचीड दुसरीच. पण त्याच पट्ट्यात आणखी एक जात बोकाळलेली होती. नाव लोन स्टार, कारण मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो. बहुतेक गोचिडी गवताच्या टोकाला लटकून सावजाची वाट पाहतात. ही मात्र माणसाच्या श्वासाचा माग काढत चालून येते. तिच्या अळ्याही माणसाला चावतात, आणि त्या टाचणीच्या टोकाएवढ्या असल्यानं दिसतही नाहीत.

नकाशा हा पुरावा नव्हे. पुरावा प्लॅट्स-मिल्स यांच्या स्वतःच्या अंगावर आला. २००७ च्या ऑगस्टमध्ये ते ब्लू रिज डोंगरात फिरायला गेले आणि पायांवर शेकडो अळ्या घेऊन परतले. आठवड्याआठवड्याला स्वतःचं रक्त तपासत राहिले, आणि अल्फा-गालची आयजीई चढत गेली. काही महिन्यांनी इंग्लंडमध्ये त्यांनी लँब चॉप्स खाल्ले. सहा तासांनी अंगभर पित्त. त्यांना झालेल्या आनंदाची कल्पना संशोधकांनाच येईल.

खरं तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हा संबंध आधीच दिसला होता. सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उपनगरांत अ‍ॅलर्जीतज्ज्ञ शेरिल व्हॅन नुनेन यांच्याकडं मांस खाऊन त्रास होणारे रुग्ण येत. त्या विचारायच्या, आणि जवळजवळ प्रत्येक जण सांगायचा, की मला गोचीड चावली होती. त्यांनी हे २००७ मध्ये मांडलं. २००९ च्या त्यांच्या लेखात २५ पैकी २४ रुग्णांना गोचीड चावून मोठी गाठ किंवा सूज आलेली होती. तिथली गोचीड वेगळी, अमेरिकेतली वेगळी. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांना युरोपातल्या तिसऱ्याच जातीच्या गोचिडीच्या आतड्यात अल्फा-गाल सापडली.

प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीनं यातली खरी खोच दाराची आहे. तीच साखर तोंडावाटे आयुष्यभर पोटात जाते आणि शरीर ती मुकाट सहन करतं. तीच कातडीतून, गोचिडीच्या लाळेबरोबर, खाजऱ्या जखमेतून आत शिरली की शरीर तिला शत्रू ठरवतं. लंडनचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल असंच मांडलं होतं. पोटातून ओळख झाली तर सलोखा, कातडीतून झाली तर वैर. २०१५ मध्ये त्यांच्या गटानं ६४० तान्ह्या मुलांवरच्या अभ्यासातून दाखवलं, की धोक्यातल्या मुलांना लवकर शेंगदाणा खाऊ घातला तर अ‍ॅलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास घटते. गोचिडीच्या बाबतीत उंदरांवर प्रयोग झाले. ज्यांच्यातला अल्फा-गालचा जनुक काढून टाकलाय अशा उंदरांना गोचिडीचा अर्क टोचला, आणि त्यांच्यात ही आयजीई तयार झाली.

[दृश्य: किराणा दुकानातलं मांसाचं शीतकपाट, मग औषधांच्या कॅप्सुली.]

रुग्णानं खायचं काय? बीफ, पोर्क, मटण बंद. चिकन, अंडी, मासळी चालते, कारण पक्ष्यांत आणि माशांत ही साखर नाही. न्यू जर्सीत किंवा नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एखाद्या कोल्हापूरकरावर ही वेळ आली, तर तांबडा-पांढरा कोंबडीचाच करावा लागेल. ऐकायला सोपं, पण कोल्हापूरकराला विचारून बघा.

शाकाहारी मंडळींनी निर्धास्त व्हावं असंही नाही. बहुतेक रुग्णांना दूध-दही पचतं, काहींना तेही बाधतं. जिलेटिन गाईच्या किंवा डुकराच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि ते औषधांच्या कॅप्सुलीत असतं. रक्त पातळ ठेवणारं हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हृदयात बसवायच्या काही झडपा गाईच्या किंवा डुकराच्या असतात. अशा रुग्णाचं ऑपरेशन म्हणजे भूलतज्ज्ञाला आधीपासून यादी करावी लागते.

आपल्याकडं गोचीड गोठ्यातून सगळ्यांच्या ओळखीची. दोडामार्ग-बांदा भागात तर माकडतापानं ती धास्तीची झाली. तो विषाणूचा आजार, त्याचा या साखरेशी संबंध नाही. मात्र भारतीयांच्या संदर्भात एक गोष्ट लक्ष वेधते. बी रक्तगटाची खूण रचनेनं अल्फा-गालची जवळची नातलग आहे, आणि ज्यांचा गट बी किंवा एबी आहे त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी कमी आढळते, असं अमेरिका आणि स्वीडनमधल्या काही अभ्यासांत दिसलं. बी गट आपल्याकडं तिकडच्यापेक्षा बराच जास्त असतो.

[दृश्य: प्रयोगशाळेतली डुकरं.]

या साखरेचा आणखी एक दरवाजा अवयवरोपणाकडं उघडतो. डुकराचं मूत्रपिंड माणसाला बसवलं, तर आपल्यातली ती साधी प्रतिपिंडंच अल्फा-गाल पाहून त्याचा काही मिनिटांत फडशा पाडतात. म्हणून हा जनुक काढून टाकलेली डुकरं तयार झाली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं त्यांना खाण्यासाठीही आणि वैद्यकीय वापरासाठीही मान्यता दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच डुकराचं मूत्रपिंड मेंदूमृत व्यक्तीच्या शरीराला जोडलं आणि ते ५४ तास चाललं.

प्रयोगशाळा इथवर पोचली, दवाखाने मागं राहिले. सीडीसीनं २०२३ मध्ये अंदाज दिला, की अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना ही अ‍ॅलर्जी असू शकते. त्याच वेळी १,५०० डॉक्टर-परिचारकांची पाहणी झाली. त्यातल्या ४२ टक्क्यांनी या आजाराचं नावच ऐकलेलं नव्हतं. दुसरीकडं हरणं वाढताहेत. शिकारीमुळं एकेकाळी काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आता कोटींत मोजतात, हिवाळे सौम्य होताहेत, आणि हरणांच्या अंगावरून लोन स्टार उत्तरेला न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सपर्यंत सरकली आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतला ४७ वर्षांचा एक धडधाकट गृहस्थ कुटुंबासह कॅम्पिंगला गेला. रात्री उशिरा स्टेक खाल्ला, आणि मध्यरात्रीनंतर पोटात भयंकर कळा घेऊन उठला. सकाळी बरं वाटलं. दोन आठवड्यांनी एका बार्बेक्यूत त्यानं हॅम्बर्गर खाल्ला. काही तासांनी तो बाथरूममध्ये कोसळलेला सापडला. शवविच्छेदनात कारण मिळालं नाही. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी पाठपुरावा केला म्हणून साठवलेलं रक्त शार्लट्सव्हिलला पोचलं. त्यात अल्फा-गालची आयजीई होती, आणि तीव्र अ‍ॅलर्जीची खूण असलेलं ट्रिप्टेज प्रचंड वाढलेलं होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यांभोवती डझनभर खाजरे चावे उठले होते. घरच्यांना ते दुसऱ्याच किड्याचे वाटले.

प्लॅट्स-मिल्स यांच्या गटानं ही नोंद २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. मांस खाल्ल्यानं या अ‍ॅलर्जीमुळं झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. अंगावर पित्त नाही, ओठ सुजलेले नाहीत, नुसत्या पोटात कळा. याही रूपात हा आजार येतो, हे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना आता सांगितलं जातंय.

त्याच वर्षी मेन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतून प्रत्येकी एका रुग्णाची नोंद आली. दोघांनाही चावलेली गोचीड लोन स्टार नव्हती.