समुद्राच्या तळावर एक साक्रीकर घर

(दृश्य: सकाळ. लाल विटांच्या घरांची रांग, मागे अरुंद कालवा, पाण्यावर बदकं.)

हे नेदरलँड्समधलं अल्मेरे. अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेत बसलं की अर्ध्या तासाच्या आत इथं. 1968 साली ही जमीन कोरडी झाली. त्याआधी इथं पाणी होतं, आणि त्याही आधी समुद्र. हा रस्ता, ती शाळा आणि डावीकडून तिसरं घर समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे.

तिसऱ्या घरात धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं एक कुटुंब राहतं. मुलगा संगणक अभियंता, सूनबाई, सात वर्षांचा नातू. आणि या उन्हाळ्यापुरते आबा आणि माय. व्हिसा नव्वद दिवसांचा.

विमानतळावरून घरी येताना मुलानं सांगितलं, की आबा, आपण चाललोय तिथं पूर्वी पाणी होतं. आबांनी गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं नि विचारलं, "मंग पानी कथा गयं?" मग पाणी कुठं गेलं?

तिकडचं चित्रण सूनबाईंनी मोबाइलवर केलेलं, गावाकडचं आमचं. दोन्ही जोडायला बसलो तेव्हा आबांचा हा प्रश्न काही सुटेना.

(दृश्य: स्वयंपाकघर. काचेच्या शेगडीवर वांगी, धूर.)

मायनं आल्या आल्या भरीत करायला घेतलं. वांगी तिथली, काचघरात वाढलेली: काळी, गुळगुळीत, पाणीदार. आपल्याकडे हिरवं वांगं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं, मिरच्या नि कांद्याची पात घालून लाकडी बडगीत ठेचायचं. इथं पऱ्हाट्या नाहीत. मिरच्या भाजायला टाकल्या आणि छतावरचा धुराचा भोंगा ओरडू लागला. सूनबाई टॉवेल फिरवतेय, नातू कान धरून हसतोय, माय मात्र मिरची अर्धी कच्ची सोडायला तयार नाही. कळण्याची भाकरी चांगली झाली. पीठ साक्रीहून आलेलं.

(दृश्य: किराणा दुकान. माय आणि दुकानदारीण.)

भारतीय सामान सुरिनामी माणसांच्या दुकानात मिळतं. या दुकानदारीणबाईंचे पूर्वज 1873 नंतर कलकत्त्याहून जहाजानं सुरिनामला ऊसमळ्यात मजुरीला गेले. 1975 च्या सुमारास, सुरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा, तिथली पुष्कळ कुटुंबं नेदरलँड्सला आली. बाई भोजपुरीच्या वळणाची सरनामी बोलतात, माय अहिराणी. मुगाची डाळ किती जुनी आहे, यावर दोघींचं सात मिनिटं बोलणं झालं आणि डाळ परत ठेवली गेली.

(दृश्य: जलतरण तलाव. नातू शर्ट, पँट, बूट घालून पाण्यात.)

हे पाहून आबा उठून उभे राहिले. पोर कपड्यांसकट पाण्यात कसं? तर इथली पोहण्याची पहिली परीक्षाच अशी असते. या देशात माणूस पाण्यात पडतो तो रस्त्यानं जाताना, कपडे घालूनच; म्हणून अंगात कपडे नि पायात बूट असतानाच पोहून दाखवायचं. आबा पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकले. त्या परीक्षेत नापास होण्याची सोय नव्हती.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. मातीची घागर मिळाली नाही, तांब्यावर भागवलं. खरबूज स्पेनचं, सांजोऱ्या मायच्या हातच्या, पितर आपले. संध्याकाळी सूनबाई कॉलनीतल्या मुलांच्या बागेत झोक्यावर बसली. आखाजीला माहेरी जायचं चौथं वर्षही हुकलं.

(दृश्य: ट्युलिपची शेतं.)

ही फुलं सगळ्यांनीच पाहिलीत. पुढे जाऊ. बेल्जियमलाही जाऊन आले, ते चित्रण फार हललंय.

(दृश्य: सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, क्षितिजापर्यंत.)

आबांना जे पाहायचं होतं ते हे. हा 32 किलोमीटरचा बांध 28 मे 1932 रोजी बंद झाला. डावीकडे खारा समुद्र, उजवीकडे त्याचाच तोडलेला तुकडा, जो नद्यांचं पाणी येऊन येऊन गोडा झाला. त्या तुकड्यात पुढे रिंगणं बांधून, आतलं पाणी उपसून जमिनी काढल्या. अल्मेरे त्यातलंच. पंप आजही चालतात. थांबले तर पाणी हळूहळू घरी परत येईल. आबांनी पायऱ्या उतरून दोन्हीकडचं पाणी चाखलं. मग विचारलं, "पाटकरी कोन शे?"

प्रश्न अडाण्याचा नाही. आबा वीस वर्षं फडाचे पंच होते.

पांझरेच्या खोऱ्यात, पिंपळनेर-सामोड्याकडे, फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक: एकात ऊस, एकात हंगामी पीक, एक पड. दरवर्षी पाळी बदलायची. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी झालं की पंच एखादा फड कोरडा ठेवणार, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाटात पाणी सोडणारा पाटकरी, शेतात फिरवणारा बारेकरी, राखणीला जागल्या. मोबदला धान्यात, खळ्यावर. हे कुठल्या सरकारी कायद्यानं आलेलं नव्हतं. पाणी-व्यवस्थापन शिकायला आपली पथकं नेदरलँड्सला जातात, त्यांच्या रस्त्यात साक्री लागत नाही, त्याला कोण काय करणार.

नेदरलँड्सचं उत्तर असं: पाटकरी निवडून येतात. पाणी सांभाळणारी मंडळं, त्यांच्या भाषेत वाटरस्खाप, आज 21 आहेत. सगळ्यात जुनं राइनलँडचं, तेराव्या शतकातलं. तेव्हा देवगिरीवर यादव होते. या पाणी-मंडळांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. मार्च 2023 मध्ये आपला अभियंता मतदान केंद्रावर गेला. त्याच दिवशी प्रांतिक निवडणूकही होती. नागरिक नाही म्हणून ती मतपत्रिका त्याला मिळाली नाही. पाण्याची मिळाली. परदेशातलं त्याचं पहिलं मत पाण्याला पडलं. आबांनी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली.

(दृश्य: टेबलावर कागद. आबांचा चष्मा.)

हे मंडळाचं बिल. सांडपाण्याच्या करात एकट्या माणसाचं घर असेल तर एक एकक. दोघं असोत की सात, तीन एकक. आबांनी या कागदाचा फोटो काढून घेतला. ट्युलिपचा नाही काढला.

(दृश्य: साक्री तालुका. बंधारा, पाटात वाढलेलं गवत.)

गावाकडे विहिरी झाल्या, बोअर झाले, वर धरणं झाली. आबांच्या फडात आता ज्याचं त्याचं पीक, ज्याचं त्याचं पाणी. पंचांची शेवटची बैठक कधी झाली, ते आबांनाही आठवत नाही. असो.

(दृश्य: लिंबाखालचा पार. हातोहात फिरणारा मोबाइल.)

नव्वद दिवस संपले, आबा परत आले, आणि पारावर बिलाचा फोटो फिरला. डच कुणालाच येत नाही, आकडे सगळ्यांना येतात. दोघांच्या घरानं सातांच्या घराइतकं का द्यायचं, यावर अर्धा तास वाद चालला. एक म्हातारेबुवा, पूर्वीचे जागल्या, शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "पैसा नही दिधा ते पानी बंद करतस का?"

आबा म्हणाले, "बंद नही करतस भो. सोडी देतस."