मल्टीफोकल लेन्स घ्यायची का? आधी इंचीटेप काढा

(समोर बसून, हातात इंचीटेप)

नमस्कार. विषय मोतीबिंदूच्या ऑपरेशनचाच आहे, इंचीटेप कशाला ते सांगतेच.

ऑपरेशन ठरलं की समोर लेन्सचा तक्ता येतो. मोनोफोकल, मल्टीफोकल, ईडॉफ, टोरिक. बघणाऱ्याला वाटतं, खालून वर चांगली होत गेलेली यादी आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. सगळ्यात वरची द्या, म्हणून मी मोकळी झाले होते.

आपल्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. जवळ बघताना फुगतं, लांब बघताना चपटं होतं. चाळिशीच्या आसपास ते कडक व्हायला लागतं, म्हणून वाचायला चष्मा लागतो. पुढे तेच गढूळ झालं की मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये ते काढून कृत्रिम लेन्स बसवतात. तिचा मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा, घडी करून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातो. डोळ्यातली पहिली कृत्रिम लेन्स हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण घुसायचे आणि डोळा ते सहन करायचा. हे बघून त्यांनी तोच पदार्थ निवडला. मला ही गोष्ट फार आवडते. पण ती लेन्स काही फुगत-चपटी होत नव्हती, आणि आजच्या नेहमीच्या लेन्सही होत नाहीत. निवडीचा सगळा पेच इथून सुरू होतो.

मोनोफोकल एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक जण लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा लावतात.

मल्टीफोकल लेन्सवर, निदान आज जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारात, अगदी बारीक गोल कडी असतात. (बोटाने हवेत वर्तुळं काढत) ही कडी आत येणारा प्रकाश वाटून देतात, काही लांबच्यासाठी, काही जवळच्यासाठी. डोळ्यात येतो तेवढाच प्रकाश, पण त्याचे वाटे पडतात. म्हणून मंद उजेडात करड्या कागदावरची करडी अक्षरं थोडी फिकी वाटू शकतात. आणि रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती वलयं दिसतात. बऱ्याच जणांचा मेंदू काही महिन्यांत त्यांच्याकडे काणाडोळा करायला शिकतो. काहींची वलयं मात्र तशीच राहतात. तुम्ही रोज रात्री गाडी चालवत असाल तर हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ईडॉफमध्ये लांबचं आणि मधलं अंतर सलग मिळतं, वलयांचा त्रास साधारणपणे कमी, पण बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो. टोरिक म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांसाठी. तो गुण मोनोफोकलमध्येही मिळतो, मल्टीफोकलमध्येही.

आता इंचीटेप. (टेप उघडून नाकापासून पुस्तकापर्यंत धरत) पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर. कॉम्प्युटर साठ ते सत्तर. तुमचा दिवस कुठे जातो ते घरी मोजा आणि कागदावर लिहून न्या. आईच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता?" ती म्हणाली, शिवणकाम. सुईत दोरा ओवायला तिला अगदी जवळचं लागायचं, आणि मी तर मल्टीफोकलच्या नादात होते. मग ओसीटी तपासणीत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडद्यावर बारीक सुरकुती दिसली. डॉक्टर म्हणाले, पडदा असा असताना प्रकाशाचे वाटे पाडले तर स्वच्छ दिसणार नाही. तिने मोनोफोकल घेतली. चष्मा मशीनच्या खणात असतो. मला सुरुवातीला वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा पडदा बघितलात का?" मधुमेहाने पडद्यावर बदल झाले असतील, काचबिंदू असेल, तर मल्टीफोकलबद्दल बहुतेक डॉक्टर सावध असतात. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार, मगच लेन्सच्या नंबरची मोजमापं, नाहीतर मोजमाप चुकतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर मोजमापाआधी किती दिवस काढून ठेवायच्या, तेही विचारून घ्या. पूर्वी लेसिक करून चष्मा घालवला असेल तर ते न विसरता सांगा, लेन्सच्या नंबरचं गणित त्याने बदलतं.

आणखी एक मार्ग आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला थोडी जवळची मोनोफोकल बसवायची. सगळ्यांना जमत नाही, पण मोतीबिंदू फार वाढलेला नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावून आधी करून बघता येतं.

चष्मा पूर्ण सुटेलच, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबा. मल्टीफोकल लावूनही औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला काहींना चष्मा लागतो.

लेन्स बसवल्यावर दिसणं मनासारखं नसेल, तर घाईने लेझर करून घेऊ नका. लेन्समागचं पारदर्शक आवरण काहींचं पुढे गढूळ होतं आणि तेव्हा त्या आवरणात छिद्र पाडणारा याग लेझर खरंच उपयोगी पडतो. पण तो झाल्यावर लेन्स बदलणं बरंच अवघड होऊन बसतं. त्यामुळे त्रासाचं कारण काय, ते आधी पक्कं होऊ द्या. आणि एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दुसरा बाकी असेल, तर पहिल्या डोळ्याने रात्री रस्त्यावर, टीव्हीसमोर, पेपर वाचताना कसं दिसतं ते नीट बघा आणि दुसऱ्याची लेन्स ठरण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. दुसरी लेन्स पहिलीसारखीच हवी असा काही नियम नाही.