घरी जायची मुभा

(दृश्य: पहाटेचा उघडा माळ. वाऱ्यानं हलणारं गवत.)

सैन्य सीमेवर येऊन थांबलंय. समोर शत्रूचे घोडे आणि रथ. रांगांपुढे एक याजक उभा राहतो. खास या कामासाठी त्याला तेलाचा अभिषेक झालेला आहे, आणि त्यानं हिब्रूतच बोलायचं असा दंडक आहे. घाबरू नका, तो सांगतो. मग अंमलदार विचारू लागतात.

नवं घर बांधलं, पण अजून राहायला गेला नाही असा कोणी आहे? त्यानं परत जावं. द्राक्षमळा लावला, पण त्याचं फळ अजून तोंडात पडलं नाही? त्यानंही जावं. वाङ्निश्चय झालाय, लग्न राहिलंय? त्यानंही. आणि शेवटी, कोणी घाबरलेला, काळजानं हळवा आहे?

तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ; त्यातल्या 'अनुवाद' (ड्यूटेरॉनॉमी) या पुस्तकाचा हा विसावा अध्याय. इसवी सन २०० च्या सुमारास गालीलात संकलित झालेल्या मिश्नानं, ज्यू पंडितांच्या धर्मनियमांच्या संग्रहानं, त्याचा पुढे बारीक कीस काढला. गोठा बांधला असला तरी तो घरात धरायचा. पेंढ्याची खोली, लाकडं ठेवायची जागा, कोठारही चालेल. देवडी, ओसरी किंवा सज्जा मात्र चालणार नाही. द्राक्षमळा नसला तरी पाच फळझाडं पुरेत, पाचही वेगवेगळ्या जातींची असली तरी.

हे ठरवणाऱ्यांकडे तेव्हा राजा नव्हता. जेरुसलेमचं मंदिर ७० साली पडलं होतं, रोमनांविरुद्धचा बार कोखबाचा उठाव १३५ साली चिरडला गेला होता. हाताशी एक तुकडीही नसताना ही माणसं गोठा आणि ओसरी यांतला फरक ठरवत होती, कारण त्यावर कुणाचं तरी घरी जाणं अवलंबून होतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

(दृश्य: रांगेतून बाहेर पडणारी पावलं. चेहरे दिसत नाहीत.)

चौथ्या प्रश्नावर त्यांच्यात मतभेद झाला. रब्बी अकिवा म्हणाले, घाबरलेला म्हणजे घाबरलेलाच, उपसलेली तलवार ज्याला बघवत नाही तो. रब्बी योसे हागलिली म्हणाले, ज्याला आपल्या पापांची भीती वाटते तो. म्हणूनच, ते सांगतात, तोरानं घर, मळा आणि लग्न ही कारणं शेजारी ठेवली. हा माणूस निघाला की बघणाऱ्यांना वाटावं, मळा लावला असेल बिचाऱ्यानं.

परतलेले मोकळे सुटत नाहीत. सैन्याला अन्नपाणी पुरवायचं, रस्ते दुरुस्त करायचे. नुकतंच लग्न झालेल्याला मात्र वर्षभर तेही काम नाही. आणि एकदा प्रश्न संपले की दया संपते. रांगांच्या मागे लोखंडी कुऱ्हाडी घेतलेले पहारेकरी उभे असतात. आता पळेल त्याचे पाय तोडायची त्यांना मुभा आहे.

पण ही मुभा कोणत्या युद्धात? मिश्ना सांगते, फक्त 'मिल्हेमेत रेशुत'मध्ये. रेशुत म्हणजे परवानगी; हे ऐच्छिक युद्ध. 'मिल्हेमेत मित्झवा', म्हणजे धर्माज्ञेचं युद्ध असेल, तर सगळे निघतात. नवरदेव आपल्या खोलीतून आणि नवरी मांडवातून.

तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रावा हे पंडित उदाहरण देतात. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं देश जिंकून घेतला ते बंधनकारक, दावीद राजाच्या घराण्यानं राज्य वाढवलं ते ऐच्छिक. आणि ऐच्छिक युद्धासाठी राजालाही एकाहत्तर जणांच्या न्यायसभेची, सन्हेद्रिनची, परवानगी लागते. तालमूदात एक पहाट रंगवली आहे. पंडित दावीदाकडे येतात. प्रजेला पोटापाण्याची ददात आहे. एकमेकांकडून भागवा, तो म्हणतो. ते उत्तरतात, मूठभर घासानं सिंहाचं पोट भरत नाही, आणि खड्ड्यातल्याच मातीनं खड्डा बुजत नाही. मग जा, लढाईवर निघा. तरी आधी राजाचा सल्लागार अहिथोफेल याचा सल्ला, मग सन्हेद्रिनची परवानगी, मग उरीम आणि थुम्मीमचा, म्हणजे याजकाकडून मिळणारा देवाचा, कौल.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये बसून ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनी बंधनकारक युद्धांची यादी केली. कनानमधल्या सात राष्ट्रांशी, अमालेक या जुन्या वैरी जमातीशी, आणि चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला वाचवण्यासाठी. त्यांना परवानगी नको. सीमा आणि कीर्ती वाढवायची असेल तर मात्र एकाहत्तर जण हवेत.

(दृश्य: रिकामी दगडी बैठक.)

आज ना तो राजा, ना सन्हेद्रिन, ना उरीम. म्हणून ऐच्छिक युद्ध आता पुकारताच येत नाही, असं अनेक धर्मपंडित म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण मग जे युद्ध होईल ते बंधनकारकच म्हणावं लागतं, आणि बंधनकारक युद्धात ते चार प्रश्न कुणी विचारत नाही. १९८२ साली लेबनॉनमध्ये लढाई चालू असताना इस्राएलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर हे युद्ध 'दुसरा पर्यायच नव्हता' अशांपैकी नाही, असं उघडपणे सांगितलं. त्यांचे शब्द धर्मशास्त्राचे नव्हते. प्रश्न तोच जुना होता.

(दृश्य: मिस्पा. डोंगरउतार, शेकोट्या.)

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यू बंडखोरांचा सेनापती यहूदा मक्काबी लढत होता ते जगण्या-मरण्याचं युद्ध होतं. मंदिर भ्रष्ट झालेलं, शत्रू संख्येनं कितीतरी पट. याहून बंधनकारक युद्ध कोणतं? तरी मक्काबींचं पहिलं पुस्तक सांगतं, मिस्पाला त्यानं आपल्या माणसांना उभं केलं आणि घर बांधणाऱ्यांना, मळा लावणाऱ्यांना, वाङ्निश्चय झालेल्यांना आणि घाबरलेल्यांना परत जायला सांगितलं.

उरलेल्यांना घेऊन तो इम्माऊसकडे निघाला.