हाड जुळलं, गाडी दारातच

राष्ट्रीय महामार्ग ६५. पुण्याहून येतो, सोलापूर ओलांडून हैदराबादकडे निघतो. टॉवेल-चादरींचा माल याच रस्त्यानं बाहेर पडतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्याही रात्री इथूनच धावतात, कित्येकींना मागं दिवा नसतो. अशाच एका ट्रॉलीवर सोलापुरातल्या एका टॉवेल व्यापाऱ्यांची कार आदळली.

मांडीत रॉड बसला. काठी सुटली, चालणं सुधारलं, हाडांच्या डॉक्टरांनी ‘आता काही काळजी नाही’ म्हणून सांगितलं. पण कारमध्ये बसलं की तळहात घामेजायचे. मागून हॉर्न वाजला की छातीत धस्स व्हायचं. झोपेत उजवा पाय ब्रेक दाबायचा. घरच्यांनी दृष्ट काढली, सिद्धेश्वराला अभिषेक केला. शेजारी म्हणाले, “धसका घेतलाय ओ, होतंय बरं.”

बहुतेकांचं होतंही. पहिले काही आठवडे असं वाटणं साहजिकच. म्हणून दवाखान्यात भेटायला आलेल्यांनी ‘नेमकं कसं झालं?’ हे खोदून विचारू नये; बोलून मोकळं करण्याच्या नादात त्रास वाढू शकतो. मात्र महिना उलटला, तरी तेच प्रसंग डोळ्यांपुढं येत असतील, माणूस तो रस्ताच टाळत असेल, तर डॉक्टर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मनात घर करून राहणाऱ्या आजाराची, शक्यता तपासतात. हे निदान १९८० साली अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत आलं, त्यामागं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे अनुभव होते. त्याला रणांगणच लागतं असं नाही.

खरी गोम टाळण्यात आहे. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि भीती खोटी ठरायची संधीच मेंदूला मिळत नाही. मेहुण्यांनी एकदा बळंच स्टेअरिंगवर बसवलं होतं. भीती टिपेला असतानाच हे उतरले, आणि त्यानंतर गाडीचं नावच काढेनात.

समुपदेशकांनी उलटं केलं. आधी अपघाताची आठवण, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा सांगायची. मग यादी: बंद गाडीत नुसतं बसणं, गल्लीत एक फेरी, मग सात रस्ता चौक, बाळे, मोहोळ असं लांब लांब जाणं. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. काहींना सोबत सर्ट्रालिनसारखं औषध देतात. रोज रात्री झोपेची गोळी घेऊन मात्र हा आजार हटत नाही, आणि आपल्याकडं नेमकी तीच आधी मागितली जाते.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून मोफत बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आरोग्य विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच स्थान द्यायला लावलंय. ‘हे विम्यात बसत नाही’ म्हणणाऱ्याला तो कायदा दाखवावा.

मोहोळपर्यंत हे आता स्वतः गाडी नेतात. शेजारी बायको, खिडक्या बंद, गाणी नाहीत. यादीत पुढं टेंभुर्णी आहे. हंगामातला रात्रीचा महामार्ग त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिलाय, आणि त्याची घाई ना त्यांना आहे, ना समुपदेशकांना.