गोळा मध्यावर येईपर्यंत

(दृश्य : कुंभाराचं फिरणारं चाक, मातीने माखलेले दोन हात.)

शनिवार, सकाळचे दहा. पुण्यातल्या एका बंगल्याची मागची पडवी. सहा चाकं, सहा जण. कुणी बँकेतलं, कुणी आयटीतलं. या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. फोन लांब ठेवा, असं इथे कुणाला सांगावं लागत नाही. मनगटापर्यंत चिखल असताना तो घेणार कुठल्या हाताने?

माती आधी मळायची. कणकेसारखीच, पण अंगाचा भार टाकून, म्हणजे आत हवा राहत नाही. मग गोळा चाकावर आपटायचा आणि मध्यावर आणायचा. नवशिक्यांचा घाम इथेच निघतो. बाई जोर लावतात, तसा गोळा जास्तच हेलकावे खातो. कोपर मांडीला टेकवायचं, हात स्थिर धरायचे, बस्स. फिरायचं काम चाकाचं. गोळा मध्यावर आला, की चाक फिरतंय हेही दिसेनासं होतं.

(दृश्य : वाटीची कड कोसळते. हशा.)

गेली! जाऊ दे. माती भाजलेली नाही, तोवर पाण्यात भिजवून पुन्हा मळता येते.

मातीत हात घातले की ताण उतरतो, असं म्हणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर पेनं, कोलाज यांतलं हवं ते करायला दिलं. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्यांच्या लाळेत मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांमध्ये ते कमी झालं, मग आधीचा अनुभव असो वा नसो. अर्थात, तुलनेला दुसरा गट नव्हता. पाऊण तास नुसतं बसूनही थोडं उतरलं असतं कदाचित.

(दृश्य : धारावी. पणत्यांच्या रांगा, भट्टीचा धूर.)

आणि हा धारावीचा कुंभारवाडा. चाक तेच. पण इथे दिवाळीआधी हजारो पणत्या उतरवायच्या असतात आणि पाऊस लांबला तर माल वाळत नाही. मातीने ताण जातो, हे इथे कुणाला सांगायचं धाडस आम्ही केलं नाही.

(दृश्य : पुन्हा पडवी.)

बाईंची दुसरी वाटी टिकली. तारेने चाकावरून सोडवली, जराशी कलंडलेली.

"पुढच्या शनिवारी घरी नेता येईल ना?"

नाही. आधी सावलीत वाळेल, मग भट्टी, मग रंग, मग पुन्हा भट्टी. बाई मान डोलावतात आणि पुढचा गोळा मळायला घेतात.