भोक आधी, बंदूक नंतर

समोरच्या टेबलावर दोन कातडी आहेत. दोन्ही कोयोटीची, म्हणजे लांडग्याच्या कुळातल्या अमेरिकन रानकुत्र्यासारख्या प्राण्याची, दोन्ही अमेरिकेतल्या माँटानातली, दोन्ही डिसेंबरातली. डावीकडचं उजेडासमोर धरतो. बघा, छातीपाशी वाटाण्याएवढी जागा जरा जाड दिसते. तिथे भोक होतं, आतून शिवलंय. केसांच्या बाजूने बोट फिरवलंत तरी सापडणार नाही. आता उजवीकडचं. यातून माझा अख्खा पंजा आरपार जातो.

हे उजवीकडचं माझ्या पहिल्या शिकारीचं. मोठ्या रुबाबात फरच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो होतो. त्याने ते उलटंपालटं केलं, भोकातून हात पलीकडे काढला आणि त्याच हाताने माझ्याशी हस्तांदोलन केलं. भाव सांगायची वेळच आली नाही.

म्हणून आज रायफलीबद्दल बोलायचं असलं तरी सुरुवात रायफलीपासून करणार नाही. नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणतं कॅलिबर घेऊ?’, म्हणजे किती जाडीच्या गोळीची बंदूक. मीही तोच विचारला होता. उत्तर मिळालं .22-250, एक वेगवान काडतूस, आणि ते उत्तर चुकीचं नव्हतं. तेव्हा गोळी कोणती, सावज किती लांब, ते कसं उभं, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. साठ यार्डांवरून, पातळ आवरणाची हलकी गोळी, थेट खांद्याच्या हाडावर. त्याचं फळ टेबलावर आहे.

भोक पडतं कसं, ते आधी पाहू. गोळी आत शिरते तिथे कातड्याला मागून मांसाचा आधार असतो. कातडं फारसं ताणत नाही, टोचल्यासारखं भोक पडतं, बहुधा गोळीच्या जाडीएवढंच. बाहेर पडताना गोष्ट उलटी. गोळी पसरलेली, वाकडी झालेली, सोबत हाडाच्या चिपा, आणि कातड्याच्या मागे नुसती हवा. आधार नसल्यामुळे ते फुग्यासारखं बाहेर ताणलं जातं आणि फाटतं. म्हणजे फर वाचवायची तर गोळी आत गेली पाहिजे आणि बाहेर पडता कामा नये. सगळा खेळ या एका वाक्याचा आहे, पण त्या वाक्याला दोन्हीकडून धोका आहे. गोळी फार टणक असली तर आरपार जाते. फार नाजूक असली तर आत शिरण्याआधीच, कातड्याखालच्या पहिल्या दोन बोटांतच फुटते. तिकडे याला ‘स्प्लॅश’ म्हणतात. वरवर बशीएवढी जखम होते, आतली फुप्फुसं शाबूत राहतात आणि जनावर पळतं. फर गेली, सावज गेलं, आणि एक जखमी जीव रानात हाल होऊन मरायला मोकळा सुटला. यातलं तिसरं नुकसान मला सगळ्यात जास्त लागतं. एकच घाव आणि जागच्या जागी मरण, हे फरच्याही आधी येतं. सुदैवाने दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच गोळीने साधतात.

कोयोटीच्या अंगाचा अंदाज घ्या. आकाराने लांडगा आणि कोल्हा यांच्या मधला प्राणी, वजन साधारण दहा ते वीस किलो. हिवाळ्यातल्या केसांमुळे तो भरदार दिसतो, पण आडवा उभा राहिला तर छाती वीतभरही रुंद भरत नाही. त्या वीतभरात गोळीने आपली सगळी ताकद सोडायची आहे. ताकदीचे आकडे बघा. .17 रेमिंग्टनची 25 ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम 1.6 ग्रॅम. नळीतून निघताना वेग सेकंदाला 1,200 मीटरच्या वर, ऊर्जा सुमारे 1,200 ज्यूल. .22-250 ची 55 ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची, ऊर्जा 2,200 ज्यूलच्या आसपास. हरणाच्या शिकारीचं .30-06 घेतलं तर 3,800 ज्यूल. वीस किलोच्या जनावराला यातलं कोणतंही पुरे. प्रश्न फक्त हा, की ती ऊर्जा आत संपते की पलीकडे निघून जाते.

हा विचार जुना आहे. उत्तर अमेरिकेतला फरचा व्यापार शतकानुशतकं मुख्यतः सापळ्यावर चालला, आणि सापळ्यातल्या कातड्याला भोक नसतं. हडसन्स बे कंपनी 1670 मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या ठाण्यांवर बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या, दाट केसांच्या प्राण्याचं एक चांगलं कातडं हेच जणू नाणं होतं. बाकी मालाची किंमत त्यात मोजायचे. नाण्याला भोक पाडून कोण आणेल? रायफलने फर मिळवण्याचा विचार खरा जमला तो बारीक आणि वेगवान काडतुसं आल्यावर. 1935 मध्ये विंचेस्टरचं .220 स्विफ्ट आलं, 1950 मध्ये .222 रेमिंग्टन, त्यानंतर .223. .22-250 लोक घरी बनवून वर्षानुवर्षं वापरत होते, 1965 मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखान्यात आणलं. 1971 मध्ये त्याच कंपनीचं .17 आलं आणि फरवाल्यांचे डोळे चमकले. 2004 मध्ये .204 रुगर. एकूण पाहिलंत तर कल बारीक, हलक्या आणि वेगवान गोळीकडे राहिला.

वेग कशाला हवा? गोळीच्या टोकाला पोकळी असते किंवा प्लॅस्टिकचं टोक बसवलेलं असतं. आदळताना ते टोक पाचरीसारखं मागे घुसतं आणि पातळ तांब्याचं आवरण उसवतं. वेग जितका जास्त, तितकं हे लवकर होतं. शिवाय गोळी स्वतःभोवती फिरत असते, हे आपण विसरतो. .223 ची गोळी 12 इंचात एक फेरा देणाऱ्या नळीतून निघाली तर मिनिटाला जवळजवळ दोन लाख फेरे घेते. तीच गोळी 7 इंचात एक फेरा देणाऱ्या नळीतून निघाली तर सव्वातीन लाखांच्या पुढे. आवरण फाटलं की हे फेरेच तुकडे चौफेर भिरकावतात. त्यामुळे एकाच डब्यातली काडतुसं दोन माणसांच्या दोन रायफलींत वेगळी वागतात, आणि मग दोघं रात्रभर भांडतात. दोघंही खरं सांगत असतात.

अंतराचंही तसंच. .22-250 मधली हलकी गोळी पन्नास यार्डांवर स्प्लॅश करू शकते. तीच अडीचशेवर वेग गमावून नेमकी आत फुटेल, आणि त्याहून लांब गेलं तर कदाचित न फुटता पार होईल. अंतराप्रमाणे एकाच बंदुकीच्या जणू तीन बंदुका होतात. म्हणून मी विचारतो: तुमचं रान कसं आहे? झुडपांचं, जिथे सावज चाळीस पावलांवर अचानक दिसतं? की उघडा माळ, जिथे ते तीनशे यार्डांवर बसून तुमच्याकडेच बघत राहतं?

आता माझं मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. उघड्या माळावर, मुख्यतः कोयोटीसाठी, एकच रायफल घ्यायची तर .204 रुगर, 39 किंवा 40 ग्रेनची गोळी. त्यातली 32 ग्रेनची जास्त वेगवान आहे, जाहिरातीत तीच चमकते, पण जवळच्या अंतरावर, खांद्यावर बसली तर माझा तिच्यावर भरवसा नाही. 40 ग्रेनची जरा खोल जाते, वाऱ्यात कमी भरकटते. 200 यार्डांवर नेम बसवला तर 100 वर ती इंचभर वर लागते, तिथपर्यंत गणित करायची वेळच येत नाही. धक्का इतका कमी, की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते. हा फायदा लहान नाही. कुठे लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

.17 रेमिंग्टन फरसाठी याहून सौम्य आहे, कोल्ह्यासाठी तर सुंदरच. पण त्याची नळी लवकर तांब्याने माखते, साफ करायला वेगळी बारीक सळई लागते, आणि जोराच्या वाऱ्यात ती गोळी आपलं ऐकत नाही. ज्याला बंदूक पुसायचा कंटाळा आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. .223 सगळीकडे मिळतं, काडतुसं स्वस्त, गोळ्यांचे प्रकार ढीगभर. बहुतेक माणसांनी खरं तर तेच घ्यावं आणि उरलेले पैसे सरावात घालावेत. .243 मात्र फरसाठी मोठं पडतं. योग्य गोळी निवडून लोक त्यातूनही चांगली कातडी आणतात, पण सुई-दोरा जवळ ठेवून. .17 एचएमआर हे 2002 मधलं छोटं रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस, ऊर्जा फक्त 330 ज्यूलच्या आसपास. शंभर यार्डांच्या आत कोल्ह्याला ठीक, कोयोटीला अपुरं. कातडं वाचतं म्हणून कोयोटीवर ते वापरणाऱ्यांशी माझं जमत नाही. दाट झुडपात तर रायफलीपेक्षा छऱ्यांची बंदूक बरी. चाळीस यार्डांच्या आत मोठे छरे बारीक भोकं पाडतात आणि बहुधा आतच राहतात.

मघाशी एकाने विचारलं, की मग पूर्ण तांब्याने मढवलेली, न फुटणारी लष्करी गोळीच का नको? बारीक भोक आत, बारीक भोक बाहेर, शिवून टाकायचं. कागदावर पटतं. बॉबकॅट या अमेरिकन रानमांजरासारख्या पातळ कातड्याच्या प्राण्यासाठी काही जण वापरतातही. पण ही गोळी दर वेळी सरळ जातेच असं नाही. जवळच्या अंतरावर, वेग जास्त असताना, 55 ग्रेनची लष्करी गोळी आत आडवी होते आणि तुटते, मग सगळंच फाटतं. लांबून लागली तर सुईसारखी पार होते, आणि जनावर अर्धा मैल जाऊन पडतं. पार झालेली गोळी दगडावर आपटून कुठे जाईल हेही सांगता येत नाही. मला तो सौदा पटलेला नाही. कॅलिफोर्नियात जाणार असाल तर 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. बिनशिशाच्या फुटणाऱ्या गोळ्या आता मिळतात, पण त्यांचा नेम आणि परिणाम नव्याने तपासूनच निघा.

आता गोळीपेक्षाही मोठी गोष्ट: जनावर कसं उभं आहे. समोरासमोर, छाती तुमच्याकडे, हे फरच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं. गोळी छातीतून शिरते, पुढे शरीराची सगळी लांबी पडलेली असते, बाहेर यायचं कारणच उरत नाही. डावीकडचं कातडं तसंच मिळालंय. आडवं असेल तर खांद्याच्या मागे, फासळ्यांत. खांद्याचं हाड टाळा, भर वेगात तिथे काय होतं ते आपण पाहिलंच. पाठमोरं असेल तर चाप ओढूच नका.

आणि ते कसं उभं राहील हे तुमच्या हातात थोडंफार असतं. म्हणून सामानात मी पहिला मान देतो तो आवाजाच्या यंत्राला. सशाच्या किंचाळण्याचा आवाज काढणारा भोंगा स्वतःपाशी ठेवलात तर जनावर वाऱ्याचा वास घ्यायला तुमच्याच मागे वळसा घालतं. तोच तीस-चाळीस यार्ड बाजूला, वारा जिकडून येतो तिकडे ठेवा. त्याचं लक्ष तिकडे, वळसा तुमच्या समोरून, आणि थांबवायचं असेल तेव्हा तोंडाने एक हलकी हाक पुरते. ते थबकतं, मान वर करतं, तो एक क्षण तुमचा.

बाकी सामान साधं. दुर्बीण 3 ते 9 पटींची पुरे, आणि बसल्या बसल्या ती 3 वर ठेवायची. लोक मोठ्या दुर्बिणी लावतात आणि जनावर तीस यार्डांवर आलं की काचेत फक्त केस दिसतात. गोळी झाडायला तिकाटणं. मांडीवर टेकवून नेम धरणं म्हणजे आतड्यात गोळी घालायचं आमंत्रण, आणि आतडं फुटलं की पोटाकडची फर डागाळते. चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा. हातातली वेगळी दुर्बीण मात्र विसरू नका, आणि ती फरसाठी नाही. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या रानात 1998 पासून मेक्सिकन लांडगे परत सोडलेत. कायद्याने संरक्षित आहेत, आणि संध्याकाळच्या उजेडात तरुण लांडगा मोठ्या कोयोटीसारखाच दिसतो. पाळीव कुत्र्यांचंही तेच. रायफलीवरच्या दुर्बिणीतून ओळख पटवणं म्हणजे ओळख पटायच्या आधीच नळी रोखणं.

बहुतेक पश्चिमी राज्यांत कोयोटीला बंदीचा हंगाम नसतो. तरी फरसाठी मारायचं तर ऐन थंडीतच, लांब राठ केस आणि खालची मऊ लव दोन्ही पूर्ण भरल्यावर. बॉबकॅटला मात्र ठराविक हंगाम असतो, आणि तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे परदेशी विकायच्या कातड्यावर टॅग लागतो. बाजाराचं सांगायचं तर, कोटाच्या टोपीला कोयोटीची किनार लावणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने 2021 मध्ये फर सोडायचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात 2023 पासून नव्या फरची विक्रीच बंद आहे. तेव्हा श्रीमंत व्हायला कोणी यात येत असेल तर त्याने आत्ताच उठून चहा घ्यावा.

शेवटचं काम जनावर पडल्यावरचं, आणि निम्मी फर इथे जाते. माझ्या पिशवीत कापसाचे बोळे असतात. पहिलं काम, भोकात बोळा. रक्त केसांत उतरून वाळलं की ते धुणं म्हणजे शिक्षा. तरी लागलंच तर थंड पाणी, गरम कधीच नाही. ओढत नेऊ नका, बर्फावरूनसुद्धा. वरचे राठ केस तुटतात आणि व्यापाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. खांद्यावर घ्या. लवकर सोला, कारण उबेत पोटाकडचं कातडं आधी हिरवं पडतं आणि केस सुटायला लागतात. मग कातडं फळीवर ताणण्याआधी भोक शिवा. ताणल्यावर वाटाण्याचं भोक रुपयाएवढं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुई तिधारी, चामड्याची. दोरा मेण लावलेला. टाके आतल्या बाजूने, बारीक आणि जवळजवळ, आणि प्रत्येक टाक्याआधी सुईच्या टोकाने केस बाहेरच्या बाजूला ढकलायचे. सुई-दोरा मी आणलाय. ज्यांना करून बघायचंय त्यांनी पुढे या, उजवीकडच्या कातड्यावर भरपूर जागा आहे.